कळव्याच्या कंपनीची चौकशी

कंपनीचं पत्र आलं तेव्हा घरात पहिला प्रश्न विचारला तो माझ्या आत्याने. "माणसं कशी आहेत?" काम कसलं, वेळ काय, जायचं कसं, काही नाही. माणसं कशी आहेत! जशी काही मी तिथे नांदायलाच जाणार होते. पण त्या एका प्रश्नाने पुढचे आठ दिवस आमच्या घराची जी दशा केली, ती आठवली की मला अजून आधी हसू येतं आणि मग गप्प व्हायला होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. पोस्टातून रिटायर झालेले अप्पा, म्हणजे माझे वडील, आई, कल्याणला रेल्वेच्या कचेरीत कारकून असलेला दादा, वहिनी आणि मी. आत्या राहायची पलीकडच्या गल्लीत, पण तिचा सगळा दिवस आमच्याकडेच जायचा. मॅट्रिक झाल्यावर हट्ट करून मी टायपिंगच्या क्लासला गेले होते. परीक्षाही पास झाले. तेवढ्यात पनवेलहून एक स्थळ आलं. बिजवर, पदरात एक मूल. अप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, "नोकरी लागली तर वर्षभर थांबू. नाही लागली तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू." म्हणजे ते पत्र माझ्यासाठी नुसती नोकरी नव्हती. ते माझं एक वर्ष होतं. आणि पत्रात लिहिलं होतं, शनिवारपर्यंत होकार कळवावा.

मला वाटलं, आता कसली चर्चा? होकार लिहायचा आणि टाकायचं पत्र. पण नाही. अप्पांनी चष्मा पुसला, पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "घर बघितल्याशिवाय आपण मुलगी देतो का? मग कंपनी बघितल्याशिवाय कशी देऊ?"

"अहो अप्पा, मी बघून आलेय ना! मुलाखतीला गेले नव्हते का मी?"

"तू काय बघितलंस? सांग."

झालं. इथेच माझी पंचाईत झाली. कारण खरंच, मी काय बघितलं होतं? खाडीचा पूल ओलांडून कळव्याच्या बाजूला भातशेतांच्या मधोमध बांधलेला औषधांचा नवा कारखाना. पुढे कचेरी. साहेबांनी मला एक इंग्रजी पत्र टाइप करायला दिलं, कागद उजेडात धरून बघितला आणि "ठीक" म्हणाले. त्यात शाबासकी होती की नाराजी, मला कळलं नाही. ज्या खुर्चीवर बसून मी टाइप केलं, तिच्यावर साडीच्या काठाची शिवलेली एक छोटी उशी होती. मी हेडक्लार्कांना विचारलं, "इथे आधी कुणी बाई होत्या का?" ते म्हणाले, "होत्या. गेल्या." आणि समोर दिसत असलेली फाइल शोधायला लागले.

हे सगळं मी घरी सांगितलं आणि माझं मलाच वाटलं, ह्यातून काय समजायचं?

"चहा दिला का?" आत्याने विचारलं.

"दिला."

"कपबशीत की पेल्यात?"

"कपबशीत."

"हं," आत्या म्हणाली. ते चांगलं की वाईट, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आमच्याकडे स्थळाची चौकशी कशी करत, हे आता सांगायला हवं. मुलाच्या घरी जाऊन विचारायचं नसतं, तिथे सगळं गोडच असतं. शेजाऱ्यांना विचारायचं, वाण्याला, परटाला, दूधवाल्याला विचारायचं. घरात भांडणं होतात का, सासू कशी आहे, मुलगा बाहेर काय खातो-पितो, हे परटाला आणि वाण्याला जेवढं ठाऊक असतं तेवढं सख्ख्या भावालाही नसतं. अप्पांनी माझ्या दोन चुलतबहिणींची लग्नं अशाच चौकशा करून जमवली होती आणि दोन्ही नीट संसार करत होत्या. त्यामुळे ह्या पद्धतीवर त्यांचा गाढ विश्वास. तीच पद्धत त्यांनी कंपनीला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते छत्री घेऊन पुलावरून चालत कळव्याला गेले. कारखान्यासमोर एका न्हाव्याचं दुकान होतं. तिथे बसले, दाढी करून घेतली. घरून निघताना दाढी केलेली असूनसुद्धा! त्या आठवड्यात अप्पांची तीन वेळा दाढी झाली. शेवटी शेवटी हनुवटी लाल झाली होती, आई खोबरेल लावून द्यायची आणि म्हणायची, "नोकरी हिची आणि सालटी तुमची."

न्हाव्याने सांगितलं, माणसं सज्जन आहेत. साहेब कडक आहेत पण मनाने चांगले. रागावले तर इंग्रजीत रागावतात, म्हणून काय बोलतात ते कळत नाही. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, सुटीला माणसं बाहेर येतात ती गुपचूप येतात, फारसं बोलत नाहीत.

"गुपचूप म्हणजे?" दादाने विचारलं. "समाधानाने गुपचूप, की भीतीने गुपचूप?"

अप्पा विचारात पडले. "ते विचारायचं राहिलं," म्हणाले. म्हणून दुसरी दाढी.

दादाने आपल्या बाजूने वेगळाच माग काढला. त्याच्या कचेरीतल्या एकाचा मेहुणा त्या कंपनीत स्टोअरकीपर होता. त्याने निरोप पाठवला, "निःशंकपणे पाठवा. अगदी घरच्यासारखं वातावरण आहे." अप्पांना केवढा आनंद झाला! मी मात्र गारच पडले. घरच्यासारखं? कुणाच्या घरच्यासारखं? आमच्या घरात अप्पांनी घसा खाकरला तरी आई हातातलं काम टाकून बाहेर यायची. वहिनीला माहेरी जायचं असलं तर तिने दादाला सांगायचं, दादाने आईला आणि आईने अप्पांची मर्जी बघून कधीतरी. तसलंच वातावरण तिथेही असेल तर मग मी पूल ओलांडायचा कशाला? पण हे बोलायची सोय नव्हती. मी आपलं म्हटलं, "बरं झालं."

बुधवारपर्यंत एवढं जमलं होतं: साहेब कडक आहेत, साहेब मऊ आहेत, माणसं बोलत नाहीत, माणसं घरच्यासारखी आहेत, काम फार आहे, काम काहीच नसतं, बसून असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. ऐकावे जनाचे करावे मनाचे म्हणतात, पण माझ्या मनालाच काही कळत नव्हतं तर करू काय? सकाळी वाटायचं, जाऊच नये. दुपारी पनवेल आठवायचं आणि वाटायचं, धावत जावं.

आणि मला जे विचारायचं होतं ते कुणीच विचारत नव्हतं. सांगायला काय लाज आता ह्या वयात! तिथे बायकांची सोय आहे का, एवढंच मला हवं होतं. सकाळी आठला घरून निघायचं, संध्याकाळी सहाला परत. सगळ्या कचेरीत पुरुष. मी जायचं कुठे? मुलाखतीच्या दिवशी तीन तासांत माझा जीव कासावीस झाला होता, पुलावरून घरी येताना मी अक्षरशः पळत आले होते. पण हे अप्पांना न्हाव्याकडे विचारायला सांगू? आईला हळूच म्हटलं तर ती म्हणाली, "अगंबाई, असलं काय विचारायचं? पाणी कमी प्यायचं."

त्यातून त्या आधीच्या मुलीचं गूढ. न्हावी म्हणाला, डोंबिवलीची होती, तिचं लग्न झालं असेल. स्टोअरकीपर म्हणाला, प्रकृती बरी नसायची. आत्या तर कुणाला न विचारताच म्हणाली, "काहीतरी शेण खाल्लं असणार कुणीतरी. उगाच जाते का मुलगी?" अप्पांचा चेहरा त्यावर जो पडला तो पडलाच. गुरुवारी रात्री जेवताना ते म्हणाले, "ती का गेली हे कळल्याशिवाय मी होकार लिहिणार नाही." पनवेलच्या मंडळींचं पत्र फळीवर तसंच ठेवलेलं होतं. त्याला मात्र उत्तर लिहायला त्यांना काहीच कळायला नको होतं. मला इतका राग आला की ताटावरून उठावंसं वाटलं. पण उठले नाही, भात संपवला.

वहिनी तशी फार न बोलणारी. पण त्या रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "वन्सं, न्हावी म्हणाला ना, ती मुलगी डोंबिवलीची म्हणून? माझी मावशी डोंबिवलीलाच आहे. उद्या जाऊ या."

तेव्हाची डोंबिवली ती केवढी! मावशीला विचारायचा अवकाश, तिने जागेवरून हात केला. "ती होय? कळव्याला टायपिस्ट होती ती. कोपरच्या वाटेवर राहतात. बिचारीचं ठरलेलं लग्न मोडलं ना." मोडलं! म्हणजे न्हाव्याचंही खोटं, स्टोअरकीपरचंही खोटं. मग आत्याचंच खरं की काय?

रूळ ओलांडून आम्ही दोघी कोपरच्या वाटेला लागलो. एक गावातली बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. "कोनाकरं जायचंय गो तुमाला?" तिने आपणहून विचारलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. बैठं कौलारू घर. मुलीचे वडील कामावर गेलेले. आईने आम्हांला बसवलं, कुंकू लावलं. वहिनीने काय सांगून सुरुवात केली कोण जाणे, पण थोड्याच वेळात ती त्या माऊलीला लोणच्याची कृती विचारत स्वयंपाकघरात गेली आणि मी आणि ती मुलगी ओटीवर राहिलो. वहिनीचं हे कसब मला तोवर माहीतच नव्हतं.

ती माझ्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. सावळी, तरतरीत. मी कुठून सुरुवात करावी म्हणून चाचपडत होते, तर तीच म्हणाली, "कळव्याच्या जागेवर तुमची निवड झालीय ना?"

"तुम्हांला कसं कळलं?"

"माझ्याकडे दुसरं कोण कशाला येईल?" ती म्हणाली. "विचारा, काय विचारायचं ते."

मी आठ दिवस जे प्रश्न ऐकत होते ते सगळे विसरले आणि एकदम तोंडातून गेलं, "तिथे बायकांची सोय आहे का हो?"

ती खळखळून हसली. मग एकदम थांबून म्हणाली, "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. नव्हती. पहिले दोन महिने मी सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नव्हते. एकदा भोवळ येऊन पडले. साहेबांनी विचारलं काय झालं, मी काय सांगणार? पण हेडक्लार्कांनी ओळखलं. त्यांना चार मुली आहेत. कुणाला काही न बोलता मागच्या बाजूला पत्रे ठोकून खोली करवून घेतली, कडी-कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. तीही मी जेवायला गेले असताना, मला लाजायला नको म्हणून. तुम्हांला सगळं आयतं मिळेल."

"मग माणसं चांगली आहेत म्हणायची."

"चांगली म्हणजे..." ती विचारात पडली. "साहेब चूक काढतात, पण कागदातली काढतात, माणसातली नाही. एवढंच मला सांगता येईल."

"मग तुम्ही सोडलीत कशी?"

तिने आत एकदा बघितलं. मग आवाज खाली आणून सांगितलं. ठाण्याचं स्थळ ठरत आलं होतं. मुलाचे काका चौकशीला कंपनीसमोर आले. न्हाव्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं, दारावरच्या वॉचमनला विचारलं, स्टोअरकीपरला विचारलं. सगळे एकमुखाने म्हणाले, मुलगी लाखात एक आहे, नम्र आहे, हुशार आहे.

"मग?"

"मग काय? काका घरी जाऊन म्हणाले, जिचे गोडवे न्हावी आणि चहावाला गातात ती मुलगी आपल्या घरात नको. एवढ्या परक्या पुरुषांना ती ठाऊक कशी? मोडलं. बाबांनी दुसऱ्या दिवसापासून मला जाऊ दिलं नाही. कुणी एकाने तरी वाईट सांगितलं असतं ना, तर बरं झालं असतं. दोघांचं म्हणणं जुळलं नाही म्हणून सोडून दिलं असतं लोकांनी."

तोच न्हावी. त्याच खुर्चीत बसून अप्पांनी तीन वेळा दाढी करून घेतली होती आणि बोलण्याच्या भरात माझं नाव, वय, मार्क, सगळं सांगितलं असणार. मी अजून नोकरीला लागलेही नव्हते आणि कळव्याचा न्हावी मला ओळखत होता!

तेवढ्यात आतून कपबशांचा आवाज आला. तिने घाईने माझा हात धरला. "एक विचारू? तुम्ही नाही म्हणणार असाल तर मला एक कार्ड टाकाल? बाबा आता पूर्वीसारखे रागात नाहीत. साहेब मला परत घेतील. फक्त जागा रिकामी हवी. मी त्यांना विचारलं असतं, पण पत्र तुम्हांला गेलं असं कळलं आणि..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "टाकाल ना?"

"टाकीन," मी म्हटलं.

परत येताना वहिनीने विचारलं, "मग? कळलं का?" आणि मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. कंपनी कशी आहे ते आता मला पक्कं कळलं होतं. जी मुलगी तिथून गेली तिला परत जायचंय, ह्याहून मोठा दाखला न्हाव्याने शंभर दाढ्या केल्या तरी मिळाला नसता. पण ज्या तोंडाने तिने सांगितलं त्याच तोंडाने तिने जागाही मागितली होती. मी हो म्हटलं तर ती गेली. मी नाही म्हटलं तर मी गेले, थेट पनवेलला. नौपाडा येईपर्यंत मी दहा वेळा एकीकडे झाले आणि दहा वेळा दुसरीकडे.

घरी सगळे वाटच बघत होते. मी पाय धुऊन आले तर अप्पांनी विचारलं, "का गेली ती?"

खरं सांगितलं असतं तर? लग्न मोडलं, तेही नोकरीपायी, हे ऐकल्यावर अप्पा काय लिहिणार ते मला दिसत होतं. "तिचं लग्न ठरलं," मी म्हटलं. "म्हणून सोडली."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती सगळं जाणून होती. मावशीच्या तोंडून तिनेही ऐकलंच होतं. मग ती पाटपाणी घ्यायला वळली.

"म्हणजे चांगल्या कारणाने गेली," अप्पा म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघ, चौकशी करावी लागते ती ह्यासाठी." त्यांनी तिथल्या तिथे दौत-टाक मागवून होकार लिहिला.

कोपरला मी कार्ड टाकलं नाही. तिने नाही म्हणणार असाल तर टाका म्हटलं होतं, मी नाही म्हटलंच नव्हतं. किती सरळ हिशेब! तरी पहिला महिनाभर टपालवाला दारावरून गेला की मला तिची ओटी दिसायची.

कंपनी तिने सांगितली होती तशीच निघाली. वर्ष कसं गेलं कळलं नाही. पनवेलचं स्थळ दुसरीकडे जमलं, अप्पाही मग आणखी वर्षभर थांबायला कबूल झाले. आणि एक दिवस हेडक्लार्क माझ्या टेबलापाशी आले. काम वाढलं होतं, आणखी एक टायपिस्ट घ्यायची होती. जाहिरातीचा मसुदा माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "खरं म्हणजे जाहिरातीची गरजच नव्हती. तुमच्या आधीची ती मुलगी फार कामाची होती. साहेबही म्हणत होते, तिलाच बोलवू. पण तिचं लग्न झालं म्हणे? तुमचे वडील समोरच्या न्हाव्याकडे बोलले होते, तेव्हा कळलं."

ते उभे होते. मी मशीनमध्ये कागद घालत होते. एक वाक्य पुरे होतं. नाही, लग्न झालेलं नाही, कोपरला आहे ती, वाट बघतेय. एवढंच. पण मग मी घरी काय सांगितलं होतं ते उघडं पडलं असतं, अप्पांपर्यंत गेलं असतं. की मला भीती वाटली, ती आली तर साहेब आमच्या दोघींचे कागद शेजारी शेजारी धरून उजेडात बघतील म्हणून? की आणखी काही? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय आणि दर वेळी वेगळं उत्तर आलंय.

"हो," मी म्हटलं, "झालं म्हणतात." आणि जाहिरात टाइप करून दिली. त्यात एकही चूक नव्हती.